डिफरन्शियलमधली काकवी

ज्या गृहस्थांविषयी मी लिहीत आहे त्यांचे नाव मी देणार नाही. नाव देण्यास कायद्याची हरकत नाही. हरकत माझी आहे. ते नाव आमच्या मंडळाच्या निष्कासनाच्या ठरावात लिहिले गेले आहे, आणि तो ठराव आजतागायत रद्द झालेला नाही. तो जोवर उभा आहे तोवर ते नाव माझ्या हातून दुसऱ्या कोणत्याही कागदावर उतरणार नाही. म्हणून या लेखात मी त्यांना नुसते सर म्हणेन. कोल्हापुरात त्यांना सगळे सरच म्हणत; समोर आदराने आणि पाठ वळली की तोंड वाकडे करून.

सर तंत्रनिकेतनात मोटारविद्या शिकवीत. मुदतीच्या बरेच आधी त्यांनी ती नोकरी सोडली. कारण विचारले की म्हणत, तिथे गाड्या कमी आणि फायली जास्त झाल्या. मूळचे आजऱ्याचे. विधुर. राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन राहत. स्वभाव तुसडा. कोणी नमस्कार केला तर उत्तरादाखल त्याच्या स्कूटरकडे बघून सांगत, मागचा शॉकअप गेलाय तुमचा. या एका सवयीमुळे त्यांना लग्नाची आमंत्रणे येणे बंद झाले होते, आणि त्याचे त्यांना सुख वाटे.

ऐंशीचे दशक उतरणीला लागले तेव्हा आमच्या गावात रिमोटवर चालणाऱ्या मोटारींचे वेड शिरले. हातभर लांबीच्या, बॅटरीवर पळणाऱ्या या गाड्यांचे सुटे भाग कोणाच्या आखातातल्या भावाकडून, कोणाच्या मुंबईतल्या मेहुण्याकडून पेटीतून येत आणि इथे जोडले जात. त्यांना खेळणे म्हणणाऱ्याशी सर पुढे बोलत नसत. खऱ्या मोटारीत असते ते सगळे त्यात होते: स्प्रिंगा, तेलाचे शॉकअप, आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये सुपारीएवढे डिफरन्शियल. सहा-सात फौंड्रीवाले, एक दंतवैद्य आणि साखर कारखान्यातला एक इंजिनिअर, एवढ्यांनी मिळून मंडळ काढले. मंडळाची घटना आणि शर्यतीचे नियम लिहून द्यायला त्यांनी मला बोलावले, कारण न्यायालयात कारकुनी करून मी नुकता निवृत्त झालो होतो आणि महानगरपालिकेला पत्रे लिहिणारा म्हणून माझी ख्याती होती. ते मला वकील म्हणत. मी सनद कधीही घेतलेली नाही, हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगत असे.

शर्यती अध्यक्षांच्या फौंड्रीमागच्या सिमेंटच्या अंगणात होत. अध्यक्ष म्हणजे आवाजाने मोठे, हाताने सढळ आणि हार सहन न होणारे गृहस्थ. ‘तसा माणूस वाईट नव्हता’ असे अशा ठिकाणी लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी ती पाळणार नाही.

गाव कोल्हापूर, तेव्हा शर्यतीला कुस्तीचा रंग चढणे अटळ होते. दोन गाड्यांची जोड लावली जाई, जिंकणाऱ्याला फेटा बांधला जाई, आणि ज्याने गाडी तयार केली त्याला वस्ताद म्हटले जाई. मंडळाचे वस्ताद अर्थातच सर. त्यांची स्वतःची गाडी नव्हती. भिंतीलगत पत्र्याच्या सावलीत एक लाकडी बाक होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते त्यावर येऊन बसत आणि एकेक मालक आपली गाडी घेऊन त्यांच्यापुढे उभा राही. दवाखान्यात उभे राहावे तसा. त्या बाकावर बसलेले असताना मी त्यांना हसताना पाहिले आहे. इतरत्र नाही. फेटा मात्र नेहमी मालकाच्या डोक्यावर बसे. जिंकली तर गाडी मालकाची, हरली तर वस्तादाची, असा एक अलिखित नियम होता. तो माझ्या नियमावलीत नव्हता, पण पाळला जाई तोच.

त्यांची हत्यारे बघून नवखा माणूस हसे. गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायला पत्त्यांचा जुना जोड. पोटाखाली पत्ते सरकवायचे. पुढे जितके मावले त्याहून मागे दोन जास्त मावायला हवेत. चाकांचा कल बघायला शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक. शॉकअपमध्ये शिवणयंत्राचे तेल. उन्हाळा असला तर त्याहून दाट काहीतरी. मग गाडी वीतभर उचलून बाकावर सोडायची आणि कान लावायचा. एकदाच ‘थप’ असा आवाज येऊन ती गप्प बसली तर ठीक. दुसऱ्यांदा उसळली तर मालकाला ऐकवले जाई, “पावणं, तुमची गाडी नाचायला लागलीय. तमाशात घाला.”

डिफरन्शियल म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावले. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर पळावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला करकचून बांधली तर गाडी वळायलाच तयार होत नाही. दोन्ही अगदी मोकळी सोडली तर वळणावर जे चाक हलके होऊन उचलले जाते तेच वाऱ्यावर फिरत राहते आणि दुसरे बघत बसते. “मधल्यानं दोघांनाबी धरायचंय,” सर म्हणाले, “पण आवळायचं न्हाई. एवढंच काम. माणसाला जमत न्हाई म्हणून दात्यांना दिलंय.” हे धरणे किती घट्ट असावे ते आतल्या दात्यांभोवती किती दाट पदार्थ भरला आहे त्यावर ठरते. परदेशात त्यासाठी खास तेले मिळत. आमच्याकडे ती मिळत नव्हती. आणि या गोष्टीतले सगळे दुर्दैव त्या एका तुटवड्यातून निघाले.

त्यांचा एक हट्ट मला न्यायदानाच्या जवळचा वाटे. गाडी उघडल्याशिवाय ते तिच्याविषयी मत देत नसत. कितीही विनवले, कितीही लक्षणे सांगितली, तरी एकच उत्तर: उघडा, मग बोलतो. स्क्रू फिरवताना हाताला काय लागते त्यावरून आधी कोणी हात घातला होता हेही ते सांगत. प्रत्येकाची आवळण्याची पद्धत वेगळी असते, म्हणत, सहीसारखी.

याच स्वभावाचा एक किस्सा ते स्वतः सांगत नसत, त्यांच्या भाचीने मला सांगितला. तिच्या लग्नाला सर एसटीने चंदगडला निघाले होते. मागच्या आसाचा आवाज ऐकू यावा म्हणून ते नेहमी मागच्या चाकावरची जागा घेत. वाटेत त्यांना डिफरन्शियलची घरघर ऐकू आली. त्यांनी उठून ड्रायव्हरला सांगितले, ही गाडी घाटात न्यायची नाही. ड्रायव्हर म्हणाला, गप बसा की पावणं, तिकीट काढलंय न्हवं? सर नेसरीला उतरले. एसटी बिनतक्रार चंदगडला पोचली, वऱ्हाडी जेवले, अक्षता पडल्या, आणि मामा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात उभे. भाची रडून म्हणाली, मामा, गाडी तर नीट आली की हो. त्यावर त्यांचे उत्तर, “पोचली म्हणजे बरोबर होती असं होत न्हाई.” हे वाक्य न्यायाधीशांच्या खुर्चीमागे लावावे अशा योग्यतेचे आहे. भाचीने त्यांच्याशी पुढे दोन वर्षे अबोला धरला, आणि तिचेही चुकले असे मी म्हणणार नाही.

आता काकवी. एका थंडीत सरांनी डिफरन्शियलमध्ये एरंडेल भरून पाहिले, ग्रीस भरून पाहिले, दोन्ही कालवून पाहिले. समाधान होईना. तेव्हा कागलच्या बाजूच्या एका गुऱ्हाळातून त्यांनी बाटलीभर काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा उसाचा दाट पाक, आणली आणि सगळ्यांच्या देखत दंतवैद्यांच्या गाडीत भरली. त्या दिवशी ती गाडी अशी काही वळली की लोक शिट्ट्या मारू लागले. अध्यक्ष दोनदा हरले. संध्याकाळपर्यंत त्या काकवीला मंडळात ‘सरांचं औषध’ असे नाव पडले. दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांनी गाडी काढली तर मागची चाके दगडासारखी गच्च. उघडले तर आत गूळ झालेला, आणि गाडी ठेवलेल्या पेटीपर्यंत मुंग्यांची रांग. सरांनी ते दाते गरम पाण्यात घालून मोकळे केले आणि बाकावरून जाहीर केले की काकवी भाकरीशी खायची वस्तू आहे, यापुढे ती कोणी गाडीत घालू नये. त्यानंतर एरंडेल आणि ग्रीस यांच्या एका मिश्रणावर ते स्थिरावले. परंतु माणसाच्या डोक्यात काय राहते? गूळ राहिला नाही, शिट्ट्या राहिल्या. सरांनी औषध बंद केले नसून लपवले आहे, दंतवैद्यांसाठी राखून ठेवले आहे, अशी कुजबूज मी स्वतः ऐकली.

मार्चमध्ये बेळगावचे मंडळ जोड लावायला आले. मांडव घातला, फेटे आणले. अध्यक्षांची गाडी सरांनी आठवडाभर आधी तयार करून दिली होती. शर्यत सुरू झाली, पहिल्या दोन फेऱ्यांत ती पुढे होती, आणि तिसऱ्या फेरीत वळणावर ती वळलीच नाही. मागची दोन्ही चाके एकत्र जखडली, गाडी सरळ घसरत पाहुण्यांच्या खुर्च्यांत शिरली आणि बेळगावच्या एका वृद्ध गृहस्थांच्या घोट्यावर आदळली. त्यांना टाके पडले. भर मांडवात अध्यक्ष ओरडले, “सरांनी आत काय घातलंय देवालाच ठाऊक!”

सर बाकावरून उठले, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे गेले आणि गाडी मागितली. अध्यक्षांनी ती काखेत धरली आणि घरी नेली.

चौथ्या दिवशी सभा बोलावली गेली. घटनेप्रमाणे सात दिवसांची सूचना हवी होती. ती दिली नाही. ज्याने आरोप केला तोच अध्यक्षस्थानी बसला होता. आपल्याच खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व मी उभा राहून सांगितले. मला खाली बसा म्हणून सांगण्यात आले. कोणी तरी मागून म्हणाले की सर, काकवी तुमचीच की. सर म्हणाले, “काकवी माझीच. या गाडीत कुणी घातली ते उघडल्यावर सांगतो. डिफरन्शियल आणा.”

“ते उघडून धुतलं बी, सर,” अध्यक्ष म्हणाले. “पेट्रोलनं. सगळं चिकटून बसलं होतं, ठेवायचं कशाला?”

“मग मला बोलण्यासारखं काही न्हाई,” सर म्हणाले आणि बसले.

पुरावा आरोप करणाऱ्याने नष्ट केला आणि आरोपीच्या मौनाला कबुली मानले गेले. न्यायालयात आयुष्य काढूनही इतके निर्लज्ज कामकाज मी पाहिले नव्हते. हात वर झाले. विरोधात एकच हात होता. मंडळाची अप्रतिष्ठा केल्याबद्दल निष्कासन, आणि अंगणात प्रवेशबंदी. त्या बाकासकट.

परतताना रस्त्यात मी त्यांच्यावर संतापलो. मी घातली नाही, एवढे तीन शब्द उच्चारायला काय हरकत होती? ते थांबले आणि म्हणाले, “मी घातली न्हाई हे मला ठाऊक हाय. पण ठाऊक असणं म्हणजे पुरावा न्हवं, हे तुम्हीच सांगत असता की, वकील.” माझेच तत्त्व त्यांनी माझ्यावर उगारले होते, आणि ते मनापासून म्हणत होते.

यानंतर जे घडले त्याचा मला सभेपेक्षा जास्त राग आहे. सुट्टीच्या दिवशी सर फौंड्रीच्या कुंपणाबाहेर, गटाराच्या कठड्यावर येऊन बसू लागले. आत दिसत काही नव्हते, ते ऐकत. आणि थोड्याच दिवसांत ज्यांनी हात वर केले होते तेच लोक भिंतीवरून आपल्या गाड्या बाहेर देऊ लागले. सर, जरा बघता का, वळताना मागून सुटतीय. सर ती मांडीवर घेत, उघडत, नीट करत आणि भिंतीवरून परत देत. आत फेटे बांधले जात. मी त्यांना म्हणालो की हे करू नका, यात तुमचा अपमान आहे. ते म्हणाले की अपमान असेल, पण गाडीचा काय गुन्हा? मग माझ्याकडे न बघता म्हणाले की बाकावर उजेड बरा येत होता, इथे मांडीवर नीट दिसत नाही. त्या माणसाने आयुष्यात काही मागितलेले मला ठाऊक नाही. हे मागणेच होते. त्यांना ते बाक परत हवे होते.

पुढच्या वर्षी अध्यक्षांच्या नातवाचे बारसे होते. मला बोलावणे होते. वैर असले तरी बोलावणे चुकत नाही, हीही इथली रीत. पंगतीत अध्यक्ष स्वतः जिलबी वाढत फिरत होते. कोणी बेळगावच्या शर्यतीचा विषय काढला आणि ते मोकळेपणाने हसले.

“अवो, मीच घातली होती काकवी. आदल्या दिवशी. म्हटलं सर दंतवैद्यालाच देत्यात, आमच्याला का न्हाई? फजितीच झाली की माझी!”

पंगत हसली. मी हसलो नाही. मी म्हणालो की हे वाक्य मंडळाच्या इतिवृत्तात गेले पाहिजे आणि ठराव मागे घेतला गेला पाहिजे. अध्यक्षांनी माझ्या ताटात आणखी एक जिलबी टाकली आणि म्हणाले, “वकील, जेवताना कायदा नगो. झालं ते झालं.” एका माणसाला त्यांनी बाहेर काढले होते, आणि ती त्यांची फजिती होती. कपटी माणसाला निदान आपण काय केले याची जाणीव असते. यांना तेवढीही नव्हती.

मी तिथून थेट सरांकडे गेलो. खोलीत आजऱ्याच्या तांदळाचा वास होता. मी सगळे सांगितले. मला वाटले होते, त्यांचे डोळे भरतील किंवा ते शिवी देतील. त्यांनी विचारले, “आदल्या दिवशी सकाळी घातली का संध्याकाळी?”

मी म्हणालो की ते मी विचारले नाही.

“विचारायला पायजे होतं,” ते नाराजीने म्हणाले. मग हातातली पळी भातात तशीच ठेवून बोलू लागले. पहिल्या दोन फेऱ्या ती चालली कशी, हे त्यांना वर्षभर सुटत नव्हते. आता सुटले. रात्रभर काकवी दाट होऊन बसली असणार, आणि दात्यांनी घुसळल्यावर तिने दाणा धरला असणार. “गूळ तसाच होतोय की, वकील! घोटल्याशिवाय धरतोय व्हय?” त्यांचा चेहरा उजळला होता. स्वतःच्या निर्दोषत्वाविषयी एक अक्षर नाही. भात करपू लागला तेव्हा कुठे ते भानावर आले. पातेले उतरवून, माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारले, “मग आता ठराव मागं घेतील?”

घेतील, असे मी म्हणालो. ज्या अर्थी कबुली पंगतीत सर्वांसमक्ष झाली होती, त्या अर्थी दुसरे काही होऊ शकत नव्हते. ही माझी कायद्याची समजूत.

मी मंडळाला पत्र लिहिले. उत्तर नाही. दुसरे लिहिले, विषयपत्रिका आधीच ठरली आहे असे तोंडी कळवले गेले. तिसऱ्यात मी घटनेचे कलम उद्धृत केले, जे मीच लिहिले होते. तेव्हा दंतवैद्य घरी आले आणि चहा घेत म्हणाले की अध्यक्षांना सभेत चूक कबूल करायला लावणे बरे दिसत नाही, अंगण त्यांचे आहे, उद्या खेळ बंद झाला तर? सरांना काय, ते बाहेर बसूनही करतातच की. हे म्हणणाऱ्याच्या गाडीत ती पहिली काकवी भरली गेली होती, आणि त्याचे दाते सरांनी आपल्या हाताने गरम पाण्यात धुतले होते.

त्या भाद्रपदात सर आजारी पडले. छातीत पाणी झाले होते. सरकारी दवाखान्यात मी रोज जात असे. भाची चंदगडहून येऊन उशाशी बसली होती. तिचा अबोला केव्हाच सुटला होता. मंडळाच्या पुढच्या सभेविषयी त्यांनी एकदाच विचारले. मी म्हणालो, दसऱ्यानंतर आहे. ते म्हणाले, बरं. दसरा त्यांना दिसला नाही.

सभा ठरल्याप्रमाणे दसऱ्यानंतर झाली. विषयपत्रिकेवर पहिलाच विषय सरांचा होता: शोक ठराव. अध्यक्षांनी तो स्वतः वाचला. मंडळाचे आधारस्तंभ, थोर मार्गदर्शक, पोकळी भरून न येणारी. वाचताना त्यांचा आवाज कातर झाला, आणि तो खोटा नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. ते बाक त्यांनी रंगवून घेतले होते आणि त्यावर सरांचा हार घातलेला फोटो ठेवला होता.

मी हरकत घेतली. मी म्हणालो, याच मंडळाने या गृहस्थांना अप्रतिष्ठेच्या कारणावरून काढून टाकले आहे. तो ठराव उभा असताना हा ठराव मांडता येत नाही. आधी तो रद्द करा. दोन ओळींचे काम आहे. मग हवा तेवढा शोक करा.

“वकील, माणूस गेला,” अध्यक्ष म्हणाले. “आता जुनं कशाला उकरताय?”

“माणूस गेला म्हणूनच. जिवंत होता तेव्हा तुम्हाला वेळ नव्हता.”

कोणी तरी म्हणाले की हे वागणे बरे नव्हे, आजच्या दिवशी तरी नको. साखर कारखान्याचे इंजिनिअर माझी नजर चुकवून छताकडे बघत होते. अध्यक्षांनी माझ्या हरकतीवर मत घेतले नाही. हात जोडले आणि सांगितले की आपण सर्वांनी दोन मिनिटे उभे राहून सरांना श्रद्धांजली वाहू या.

सगळे उभे राहिले. खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला. मी बसून राहिलो.

शेजारी दंतवैद्य होते. त्यांनी मान झुकवलेली होती. थोड्या वेळाने डोळे किलकिले करून त्यांनी मला पाहिले, माझ्या दंडाला हात लावला आणि हलक्या आवाजात, खऱ्या काळजीने विचारले, “गुडघा दुखतोय का? हात देऊ?”

“नको,” मी म्हणालो. “गुडघा ठीक आहे.”